डॉक्टरसीतोचे शनिवार

लग्न होऊन मी नागपूरहून ब्रॅकनेलला आले तेव्हा माझा नवरा लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये संसर्गजन्य रोगांचा डॉक्टर होता. मला ब्रॅकनेलमध्येच सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी मिळाली. आठवडाभर तो पहाटेच्या ट्रेनने जायचा, पण शनिवार आमचा असायचा. उशिरा उठायचं, पोहे करायचे, मग टाउन सेंटरला चक्कर.

हे शनिवार गेले ते एका बोलिव्हियन बाईपायी. ती ऑफिसांत सफाईकाम करायची. दम लागतो म्हणून कितीदा तरी जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन आली होती. नवऱ्यापर्यंत पोचली तेव्हा तिचं हृदय पार थकलं होतं. तिला चागास होता. लॅटिन अमेरिकेत मातीच्या भिंतींच्या फटीत राहणाऱ्या किड्यामुळे हा रोग होतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप हृदय पोखरत राहतो. ती वाचली नाही.

"लहानपणी कसल्या घरात झोपायचीस, एवढं जरी कुणी तिला विचारलं असतं," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

मग दक्षिण लंडनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये त्याने शनिवारी लॅटिन अमेरिकन लोकांना तपासायला सुरुवात केली. बहुतेक क्लिनर्स, काहींचे व्हिसा संपलेले, हॉस्पिटलला घाबरणारे. मला कौतुक वाटायला हवं होतं. आम्ही दोघंही आंबेडकरी घरांतले, हक्कांच्या गोष्टी ऐकतच वाढलो. पण मला वाटला तो मत्सर.

ट्रेनमध्ये हेडफोन लावून तो स्पॅनिश शिकला. पेशंटचा फोन आला की त्याचा आवाज खुलायचा, तो मोठ्याने हसायचा. फोन ठेवून माझ्याशी मराठीत बोलायला लागला की पुन्हा दमलेला. ते लोक त्याला 'डॉक्टरसीतो' म्हणत. म्हणजे लाडका, छोटासा डॉक्टर. हे सांगताना तो चक्क लाजला. मी त्याला लाडाचं नाव कधी ठेवलंच नव्हतं, आणि आता ते दुसऱ्यांनी ठेवलं होतं.

त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात तो बोलणार होता. मी निळी साडी नेसून हॉलमध्ये त्याच्यासाठी खुर्ची धरून बसले. त्याचा टेक्स्ट आला, एका पेशंटला अॅडमिट करावं लागतंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब खरं काम करताहेत गं." मी मान हलवली. त्याच्या खुर्चीवर माझी पर्स ठेवली.

रात्री तो घरी आल्यावर मी म्हटलं, "त्यांच्याशी हसतोस तसा माझ्याशी शेवटचा कधी हसलास?"

त्याने कोट काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "या शनिवारी तू चल ना."

गेले. बायकांनी माझ्या गालाला गाल लावले, हातात करंजीसारखा गरम एम्पनाडा दिला. पलीकडे तो एका म्हातारीचा हात हातात घेऊन बसला होता. तिच्या गावातलं घर कसं होतं, भिंती कसल्या, छप्पर कसलं, भावंडं किती, कुठे निजायची, सगळं तो हळूहळू विचारत होता. ती सांगताना रडली, मग हसली. तो घाईत नव्हता. माझ्या माहेरच्या घराबद्दल त्याने एवढं कधी विचारलं नव्हतं.

परतताना ट्रेनमध्ये मी त्याला हे सांगितलं. तो ओशाळला. "मग सांग," म्हणाला.

"लक्षण म्हणून विचारतोयस?"

"नाही गं."

मी सांगू लागले. टिनाचं छत, उन्हाळ्यात अंगणात टाकलेल्या बाजा, मधोमध झोपणारी मी. ब्रॅकनेल यायच्या आधीच त्याला झोप लागली.

पुढे तो कन्सल्टंट झाला. हॉस्पिटलने ते क्लिनिक आपल्याकडे घेतलं, मंगळवारी ठेवलं. शनिवार मला परत मिळाले. पोहे झाले, टाउन सेंटर झालं. एकदा तिथल्या बाजारात एका बाईने लांबून हाक मारली, "डॉक्टरसीतो!" धावत येऊन तिने त्याला मिठी मारली. तो तेच मोठं हसू हसला. माझ्या हातात भाजीच्या पिशव्या होत्या. मी बाजूला उभी राहिले आणि ते बोलत राहिले. एवढ्या वर्षांत मी स्पॅनिश शिकले नव्हते, त्या दिवशीही शिकावंसं वाटलं नाही.