रिकार्टनमधली सुनावणी

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एका आयुष्यात चार आयुष्यं जगले. आधी सैन्यात होते; पूर्वेच्या सीमेवरून मांडीत छर्रा घेऊन परत आले. मग सांगलीत वकिली केली. मग एकदा अपक्ष आमदार झाले, दुसऱ्या खेपेला डिपॉझिट गेलं. पुन्हा काळा कोट चढवला आणि पुढे जिल्हा न्यायाधीश झाले. पाचवं आयुष्य चाललं होतं इथे, ख्राइस्टचर्चला, माझ्या रिकार्टनच्या घरात. त्याला आयुष्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमदार होता म्हणजे कुणाच्या तरी खिशातला असणार, ही कुजबुज न्यायाधीश झाल्यावर त्यांच्या कानावर आलीच. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाकडचं काही घेणं बंद झालं. लग्नाला जायचं नाही, वकिलांकडचा फराळ घ्यायचा नाही. दिवाळीत आलेला डबा आई दारातूनच परत करायची आणि आम्ही पोरं चकलीच्या नुसत्या वासावर समाधान मानायचो. असला बाप कुणाच्या वाट्याला येऊ नये, असं मला तेव्हा वाटायचं.

आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. थोड्याच दिवसांत त्यांचं डोकं साथ सोडू लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग बाथरूम कुठे ते गेलं, मग आई गेलीय हेही गेलं. रोज नव्याने सांगायचं आणि रोज नव्याने त्यांचा चेहरा बघायचा. शेवटी मी सांगायचं सोडलं, बाजारात गेलीय म्हणू लागले. कोर्ट मात्र हललं नाही. ते डोक्यात ठाण मांडून बसलं होतं.

इथे शरद ऋतूत ज्याच्या झाडाला फळं फार लागतात तो पिशवी भरून शेजाऱ्याच्या दारात ठेवून जातो. आमच्या शेजारच्या गोऱ्या आजींनी तशीच फिजोआंची, म्हणजे इथल्या पेरूसारख्या हिरव्या फळांची, पिशवी ठेवली. आम्ही दोघं नवराबायको ऑफिसात होतो. अण्णांना वाटलं, कुणा पक्षकाराने पाठवलीय. पिशवी उचलून ते परत करायला निघाले, घरातल्या जँडल्समध्येच, म्हणजे रबरी चपलांत. शेजारचं दार वाजवलं; आजी घरी नव्हत्या, म्हणून मग हे कोर्ट शोधत गेले. दुपारभर भटकले, पडले, कपाळ फुटलं. एका डेअरीवाल्याने, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाण्याने, दुकानात बसवून घेतलं आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून मला फोन केला. त्याने दिलेलं पाणीही त्यांनी घेतलं नव्हतं.

डॉक्टरीण स्पष्टच बोलली. आता घरी ठेवता येणार नाही, ज्याचं दार आतून उघडत नाही अशाच जागी ठेवावं लागेल. त्याला त्यांची संमती हवी, आणि ती देण्याइतकं त्यांना समजत नव्हतं. जन्मभर लोकांना मुखत्यारपत्रं करून ठेवा म्हणून बजावणाऱ्या माणसाने स्वतःचं केलं नव्हतं. दिव्याखाली अंधार! त्यामुळे मला फॅमिली कोर्टात अर्ज करावा लागला. बापाच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार मला द्या, असा. सही करताना मी रडले नाही, मला नुसता संताप आला. त्यांच्यावर, माझ्यावर, या स्वच्छ, शांत, रिकाम्या रस्त्यांवर.

सुनावणीआधी कोर्टाने त्यांच्यासाठी नेमलेली वकील त्यांना भेटायला घरी आली. तरुण पोर, बोलायला गोड. अण्णांनी कोट मागून घेतला आणि जेवणाच्या टेबलाच्या टोकाला जाऊन बसले. ती ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करून हळूच बोलायला लागली, तर यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि खणखणीत इंग्रजीत विचारलं, आपण कुणाच्या वतीने उभ्या आहात? एका वृद्ध गृहस्थांच्या, ती म्हणाली. मान हलवून ते माझ्याकडे वळले.

“बाई, तुम्ही अर्जदार?”

उभ्या जन्मात त्यांनी मला ‘पोरी’शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. मी हो म्हणाले. मागणं काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. वडील आहेत, वय झालंय, भान राहत नाही, बाहेर जाऊन पडतात, त्यांना बंद दाराआड ठेवायचंय.

“त्यांची इच्छा काय?”

“सांगलीला घरी जायचंय.”

“तिथे कोण आहे त्यांचं?”

“कुणी नाही.”

मुलगी नीट वागवते का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जमेल तेवढं करते, पण चिडते, ओरडतेही. वकीलबाई आमच्या तोंडांकडे बघत होती. तिला मराठी कळत नव्हतं आणि माझ्यात सांगायचं त्राण नव्हतं. अण्णांनी डोळे मिटले. झोपले की काय, असं मला वाटलं.

“अर्ज मंजूर,” ते म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, “पण त्या म्हाताऱ्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, बाई. बेलिफाकरवी कळवू नका. फार लागतं माणसाला.”

मी उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेले, खाली बसले, त्यांचा हात हातात घेतला.

“अण्णा,” मी म्हणाले.

त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.