गच्चीवर मांडलेल्या विटा

मामाची फुप्फुसं पार गेली होती. सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यात काढलेली. निवृत्त झाल्यावर मोकळी हवा मिळेल म्हणून डोंबिवलीची खोली विकून तो आणि मामी कल्याणच्या पलीकडे, काळू नदीच्या काठी आमच्या गावी राहायला गेले. तिथेही नाकातली नळी सुटली नाही. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुरघुरत असायचं. वीज गेली तर हाताशी असावा म्हणून एक छोटा सिलिंडर ठेवलेला.

त्या पावसाळ्यात मामी तापाने आजारी पडली, म्हणून मुलांना नवऱ्यावर सोपवून मी ठाण्याहून, बाळकुमहून मदतीला गेलेले. पाऊस आधीपासूनच लागून होता. पहाटे मामीने हलवून उठवलं तेव्हा पाणी उंबऱ्याच्या आत आलं होतं. वीज गेली होती आणि मशीन बंद. शेजारच्या काकांचं घर दोन मजली, स्लॅबचं. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मामाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, कमरेएवढ्या पाण्यातून उचलून, आपल्या गच्चीवर नेलं. मागून मी सिलिंडर छातीशी धरून चालत होते. उजाडलं तेव्हा आमचं घर कौलांपुरतंच दिसत होतं.

गच्चीवर अर्ध्या भागात पत्र्याची शेड होती. तिथे मामाला बसवलं. आडवा केला की त्याचा जीव घाबरायचा. सिलिंडरचा काटा खाली येताना सगळ्यांना दिसत होता. रस्ता पाण्याखाली, फोन लागेना, आणि प्रवाहाला एवढी ओढ की होडी येणं शक्य नव्हतं.

दुपारी हेलिकॉप्टर आलं. आधी नुसता आवाज, मग ढगाखालून ते एकदम समोर. मामी तापातच उठली आणि पदर सोडून हलवू लागली. त्याच्या पंख्याच्या वाऱ्याने शेडचा एक पत्रा उचकटला आणि पाण्यात गेला. वरून पिशव्या पडल्या. काही नदीने नेल्या, काही गच्चीवर फुटल्या. बिस्किटं, चिवडा, पाण्याच्या बाटल्या, मेणबत्त्या. काका-काकू आणि त्यांच्या घरच्यांना भूक लागलेलीच होती, ते गोळा करू लागले. मामी मात्र वर बघत नाकाकडे बोट दाखवत राहिली, मामाकडे हात करत राहिली. हेलिकॉप्टर पुढच्या वाडीकडे निघून गेलं.

"त्यांना काय कळणार गं," ती म्हणाली. "त्यांना वाटलं असेल, बाई रडतेय."

काकांची सून सात महिन्यांची गरोदर होती. ती म्हणाली, "आपण लिहूया ना. विटा आहेत."

वरचा मजला चढवायला आणलेल्या विटा गच्चीच्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या. काका म्हणाले मराठीत लिहा, त्यांचा मुलगा म्हणाला वरच्यांना मराठी येत असेल कशावरून. शेवटी सुनेनेच सुचवलं, इंग्रजीत नुसतं ओ टू मांडू, ते कुणालाही कळेल. भर पावसात आम्ही विटा वाहिल्या. मामा खुर्चीतून बघत होता. एका दमात दोन-तीन शब्द निघायचे त्याचे. "मोठं काढ," मला म्हणाला. "अजून मोठं."

हेलिकॉप्टर परत आलं. या वेळी ते थांबलं, थोडं खाली उतरलं. दारात बसलेल्या जवानाने विटांकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. मामी धावत मामाकडे गेली. "अहो, वाचलं त्यांनी! आणतायत. जरा दम धरा."

मामाने मान हलवली. मीही तेव्हा हसले असेन.

पण ढग खाली आले, समोरची झाडंही दिसेनाशी झाली. आम्ही कान लावून बसलो. सिलिंडर संपला तरी मामीने नळी काढू दिली नाही. मामाने माझा हात घट्ट धरलेला. अंधार पडायच्या आधीच त्याची पकड सुटली. मामी त्याच्या पाठीवरून हात फिरवतच होती. तो गेला हे तिला काकूंनी सांगितलं.

सकाळी पाऊस उघडला आणि हेलिकॉप्टर आलं. दोरावरून एक जवान उतरला, पंचविशीचा असेल. पाठीवरची पिशवी सोडून त्याने सर्वात आधी सिलिंडर बाहेर काढला. मग त्याला चादरीखालचा मामा दिसला. त्याने हेल्मेट काढलं. गुडघ्यावर बसून मामाची नाडी बघितली, उगीचच, पण बराच वेळ.

"ऊपर से फेंक नहीं सकते थे, माताजी," तो म्हणाला. "फट जाता. और शाम को दिखना बंद हो गया."

मामीने त्याला दोष दिला नाही. तो म्हणाला, आधी जिवंत माणसांना न्यायचं, प्रेत होडीतून येईल. "आप चलिए."

"मैं नहीं आएगी. इनको अकेला छोड के कैसे आएगी?" मग तिने तो सिलिंडर दोन्ही हातांनी उचलून त्याच्याकडे दिला. "ये लेके जाव. दुसरे किसी को लगेगा."

सून आणि काकू वर गेल्या. सुनेला पट्ट्यात अडकवताना तिने पोट दोन्ही हातांनी कवटाळलं होतं, डोळे मिटलेले. मला जा म्हणाले, मी मामीजवळ थांबले. दुपार कलल्यावर होडी आली. मामाला आम्ही ताडपत्रीत गुंडाळून खाली उतरवलं. गावचं स्मशान पाण्याखाली होतं, म्हणून कल्याणला नेऊन अग्नी दिला.

तिथे नवरा आला होता. त्याने मला जवळ घेतलं आणि म्हणाला, "टीव्हीवर तुमची गच्ची दाखवलेली. पिशव्या टाकताना. मी मुलांना म्हटलं, चला, मदत पोचली."

त्याचं काही चुकलं नव्हतं. पोचलीच होती.

सुनेला पुढे मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तेराव्यानंतर मी मामीला बाळकुमला चल म्हणून खूप विनवलं. तिने ऐकलं नाही. मला सोबत घेऊन गावी परत गेली, साडी खोचली आणि फावडं घेतलं. "गाळ एकदा वाळला की निघत नाही," म्हणाली. "तू त्या खोलीतून सुरुवात कर, मी इथून करते."