जशीच्या तशी जप्त केलेली एअर रायफल

ती एअर रायफल अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत तलवारी, गावठी कट्टे, कुऱ्हाडी असं पुष्कळ काही जप्त केलं. त्यातलं आता काही आठवत नाही. ही मात्र आठवते, कारण ती मी जप्त करायलाच नको होती.

जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. लातूरला नवी कचेरी बसत होती आणि उदगीरकडच्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. वर दुष्काळ. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सिमेंटची एक टाकी होती. तिच्यात टँकर रिकामा व्हायचा आणि सकाळपासून घागरींची रांग लागायची. भांडणं नकोत म्हणून नगरपालिकेनं टाकीवर एक म्हातारा राखणदार बसवला होता. एके सकाळी त्याच्या डाव्या डोळ्यात छर्रा घुसला. डॉक्टरांनी छर्रा काढून बाटलीत घालून आमच्याकडे दिला, पण डोळा गेला. पाण्याच्या टाकीवर गोळीबार झाला अशी आवई उठली. दोन दिवसांत आरोपी पाहिजे, असं साहेबांनी फोनवर बजावलं.

दुसऱ्याच दिवशी मोंढ्यातल्या एका अडत्याचा मुनीम आपल्या पायांनी ठाण्यात आला. स्वतःहून खबर द्यायला येणाऱ्याच्या पायांकडे आधी बघावं, ते कुणाच्या दारातून आले ते, असं माझे एक जुने जमादार म्हणायचे. मी बघितलं नाही.

"साहेब, मुलींच्या शाळेत त्या नव्या बाई लागल्यात ना, त्यांच्याकडं बंदूक हाय," मुनीम म्हणाला. "रोज सकाळी परसात फट् फट् आवाज येतोय. मी आपलं कानावर घातलं."

मी दोन पंच आणि दोन शिपाई घेऊन गेलो. बाई म्हणजे विशीतली पोरगी, नांदेडची. नुकतीच डी.एड. होऊन शाळेत लागलेली. परसात भिंतीला गोणपाट टांगलेलं, त्यावर कागदी टार्गेट. तिनं नुकतीच नळी वाकवून स्प्रिंग चढवली होती, एवढ्यात आम्ही आत शिरलो. शिपायानं रायफल हातातून हिसकावली.

तिनं परवाना लागत नसल्याचं सांगितलं, दुकानाची पावती दाखवली. मग म्हणाली, "साहेब, नेता तर न्या, पण आधी स्प्रिंग उतरवू द्या. चढवलेली ठेवली तर ती मरते."

मला वाटलं, पुराव्याशी छेडछाड करायचा डाव आहे. मुद्देमाल ज्या स्थितीत मिळाला त्याच स्थितीत सील करायचा, हे आम्हाला घोटून शिकवलेलं. छर्रा घातलेला नाही एवढी खात्री केली. पंचनाम्यात लिहिलं, 'स्प्रिंग चढवलेल्या स्थितीत.' चाप न हलेल असा दोरा गुंडाळला, नळीला फडकं बांधलं, लाख ओतली आणि वर ठाण्याचा शिक्का मारला. फार नीट काम केलं होतं मी.

चार दिवस तिला चौकशीला बोलावलं. येणारा-जाणारा बघेल अशा बाकावर ती शाळेच्या वेळेत बसायची. रायफल कशासाठी घेतली, असं विचारलं की तिचं तोंड उजळायचं. नांदेडच्या एका जुन्या दुकानात ती तीन रविवार गेली होती. दुकानदार चकचकीत दस्त्याची, जास्त जोराची रायफल पुढे करायचा.

"तो म्हणाला, ही घ्या, पाखरू जाग्यावर पडतं. मी म्हटलं, मला पाखरू पाडायचं न्हाई, नेम धरायचाय. मग मी एकेक खांद्याला लावून बघितली. दस्ता बसतो का, वजन पेलतं का, चाप दर वेळी सारखाच सुटतो का, नळीवरच्या नेमाच्या माशीचे स्क्रू ढिले तर न्हाईत. शेवटी एकाच डबीतले पाच-पाच छर्रे प्रत्येकीतून कागदावर मारले. जिची भोकं जवळ-जवळ पडली, ती घेतली."

मी वहीत लिहिलं, 'अचूक मारा करणारे हत्यार जाणीवपूर्वक निवडले.' कागदाला भोकं पाडायला कुणी एवढा खटाटोप करतं का, असं मला खरोखर वाटलं होतं. तिची चोखंदळ निवड मी तिच्याविरुद्धचा पुरावा करून टाकली.

"दीड महिन्यानं पुण्याला राज्य संघाची निवड चाचणी हाय," ती म्हणाली. "तरुणांच्या गटातलं माझं हे शेवटचं वर्ष. तोवर रायफल द्या. न्हाईतर एक करा, तो बाटलीतला छर्रा माझ्या नळीत घालून तर बघा."

"सील तोडता येत नाही, बाई. तपासणीचा अहवाल येऊ द्या."

अहवाल येणार कुठून? नवा जिल्हा, नवे जावक क्रमांक. आमच्या लेखनिकानं पत्रावर जुन्याच जिल्ह्याचा पत्ता घातला होता. पत्र फिरून परत आमच्याच टेबलावर आलं तेव्हा चाचणी होऊन गेली होती.

पुढे ठाण्यातल्या शस्त्रांच्या तपासणीला मुख्यालयातून एक आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, हवालदार आला. जप्त माल ठेवायच्या मालखान्यात त्याची नजर सहज बाटलीवर गेली, मग शेजारच्या फायलीतल्या पावतीवर.

"साहेब, हा छर्रा या रायफलीत शिरायचाच न्हाई," तो म्हणाला. "हिची नळी बारीक, छर्रा जाड नंबरचा. सील कशाला तोडता, पावतीवर नंबर लिहिलाय की."

पावती पहिल्या दिवसापासून माझ्या फायलीत होती.

त्याच दुपारी खबर देणाऱ्या मुनिमाला गाठायला मोंढ्यात गेलो. अडत्याच्या माडीवरून टाकी समोर दिसत होती. मुनिमाला खाली बसवलं आणि जाड छर्ऱ्याची बंदूक कुणाकडे आहे, एवढंच विचारलं. दहा मिनिटांत तो रडायला लागला.

"मालकानं पारव्यावर मारली साहेब. ज्वारीवर पारवे लई बसायचे. नेम चुकला. बाईंचं नाव सांग म्हणून मालकच म्हणाले."

अडत्याची एअर गन माडीवरच सापडली. त्याच्यावर खटला झाला. आमचं मात्र तोवर चोर सोडून संन्याशाला सुळी असं झालंच होतं.

सात महिन्यांनी रायफल परत द्यायला तिला बोलावलं. लाख फोडली. ठाण्याच्या मागच्या भिंतीला तिनं कागद लावला आणि पाच छर्रे मारले. एक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, दोन काठावर, बाकीचे खाली भिंतीत. तिनं नळी पुन्हा वाकवून बघितली. ती फार हलक्या हातानं वाकली, आतली स्प्रिंग मेली होती.

"नवी स्प्रिंग मी नांदेडहून मागवून देतो," मी म्हणालो.

"स्प्रिंग मिळंल साहेब. वर्ष न्हाई मिळायचं."

ती रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर ती पुन्हा स्पर्धेत उतरली की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तरुण अधिकारी भेटले की मी त्यांना सांगतो, पंचनामा बिनचूक असला म्हणजे तपास बरोबर झाला असं समजू नका. माझ्या पंचनाम्यात आजही कुणाला चूक सापडणार नाही. तिला एक रायफल निवडायला तीन रविवार लागले होते. मला गुन्हेगार निवडायला एक सकाळ पुरली.

त्या दिवशी तिची माफी मागायला हवी होती. मी मुद्देमाल मिळाल्याच्या पावतीवर तिची सही घेतली.