हृदयाचा स्वतःचा वाटा

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी वरवंडच्या शाळेत शास्त्र शिकवायचो आणि देवाच्या नावानं नाक मुरडायचो. शेजारच्या धनगर आबांनी जत्रेत बोकड कापला, तेव्हा मी जेवायला गेलो नाही. वर्गात दाखवायला त्याचं हृदय मात्र मागून घेतलं! आबा ते पानात गुंडाळून स्वतः घेऊन आले आणि वर्गाच्या दाराशीच थांबले. मी हृदय कापून चार कप्पे दाखवले, झडपा दाखवल्या, रक्त दिलं तरी अंगात पुन्हा तयार होतं हेही ठणकावून सांगितलं. तेवढ्यात आबा म्हणाले, "मास्तर, समदं रगात ह्येच्यातनंच जातंय. मंग ह्ये सोता आतलंच खातंय व्हय?" काय प्रश्न होता! मी खूश होऊन सांगितलं, "नाही आबा. आतलं रक्त त्याच्या फारसं कामी येत नाही. ते आधी सगळ्या अंगासाठी बाहेर ढकलतं. मग बाहेरच्या मोठ्या नळीला फुटलेल्या दोन बारीक फांद्यांतून त्याचा वाटा त्याला मिळतो." आबांनी त्या हृदयाला हात जोडले. मुलं हसली, मीही हसलो.

महिन्याभरात माझी बायको दौंडच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. डॉक्टर म्हणाले, रक्त हवं, आत्ताच्या आत्ता! रक्त दिलं की माणूस कायमचा खंगतो, अशी तेव्हा समजूत होती. मेहुणा आणि चुलते बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. आणि मी? सुई पाहिली आणि मी नजर वळवली. माझं रक्त जुळू नये, असं मनात येऊन गेलं. ते खरंच जुळलं नाही आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लिहितानाही लाज वाटते. तिथंच भिंतीला टेकून बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, देवा, माझ्या हातात काही नाही, आता तूच बघ.

डोळे उघडले तर समोर आबा! मेंढ्या विकायला दौंडच्या बाजारात आले होते. तिथं पळ काढलेले आमचे चुलतेच त्यांना भेटले होते. आबांनी बाही आधीच वर केली होती. "माजं बघा, डाक्टर. परत तयार हुतंय, भ्यायचं काय त्यात? मास्तरांनीच सांगितलंय."

जुळलं! बाटली भरली, लागली, आणि संध्याकाळच्या आत बायकोचे पांढरे ओठ हलले. "पोरगी कुठंय?" तिनं विचारलं. मी आबांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो.

योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. मी तर ती देवाची कृपाच मानतो. धरून ठेवलेलं कामी येत नाही, सोडून दिलं की आपला वाटा आपल्यापर्यंत येतो. हे मी नुसतं शिकवत होतो, आबा ते शिकले होते. आता दरवर्षी वर्गात त्या दोन बारीक फांद्यांपाशी आलो की माझे हात आपोआप जोडले जातात. मुलं हसतात. हसू देत.