इथं सगळं सापडते

नांदुऱ्याला स्टेशनजवळ माझ्या मालकांचं इंटरनेटचं दुकान होतं. दारावर पाटी होती, ‘इथं जगातलं सगळं सापडते’. बंद पडलेल्या जुन्या सर्च इंजिनांबद्दल ते मयत नातेवाइकांसारखे बोलत. चालू इंजिनाच्या पहिल्या उत्तरावर मात्र त्यांचा विश्वास नसे. “वरचे पैसे देऊन बसले राह्यते. खाली चाला,” म्हणत ते गिऱ्हाइकाला दुसऱ्या पानावर नेत.

एकदा खेड्यावरची एक बाई बीटी कपाशीचं पाकीट घेऊन आली.

“भाऊ, हे बी उगवते का नाही, पाहा बरं. मागच्या साली दुबार पेरलं. औंदा फसलं तं वावर पडीक राह्यते.”

त्यांनी पाकिटावरचं नाव टाकलं. पानंच्या पानं आली, सगळी त्या बियाण्याच्या कौतुकाची. सातव्या पानावर ते थांबले आणि त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

“याले नाही मालूम, बाई.”

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी दहा बिया मागून घेतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून कॉम्प्युटरच्या टेबलाखाली ठेवल्या आणि रोज पाणी शिंपडलं.

सहाव्या दिवशी बाईसमोर गोणपाट उघडलं. दोनच बियांना कोंब होते.

“पेरू नका. पाकीट वापस करू. मी येतो संग.”

भर दुपारी दुकानाला कुलूप लावून ते निघाले. दुसऱ्या दिवशी पाटीवर खडूनं एक ओळ वाढली होती, ‘बियाणं सोडून’.