तान्सू कापणार नाही

बावन्नाव्या वर्षी मृणालिनी पेंडसेची नोकरी गेली, तेव्हा अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या निम्म्या मराठी घरांनी तिला सल्ले दिले. तिने एकही ऐकला नाही. औषधांच्या कंपनीत वीस वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून तिला वीट आला होता. तिने सरळ कॅलिफोर्नियातलं सांता क्लारा गाठलं, एका म्हाताऱ्या जपानी कारागिराच्या हाताखाली तीन उन्हाळे काढले आणि परत येऊन गॅरेजमध्ये जुने तान्सू, म्हणजे खणांची जपानी लाकडी कपाटं, दुरुस्त करायला लागली. गाडी बाहेर पावसात गेली. "शेवटी सुतारकीच ना," असं कुणी म्हटलं की "हो, सुतारकीच," असं ती अशा काही आवाजात म्हणे, की समोरचा पुढचं वाक्य गिळून टाकी.

त्या शनिवारी पुरुषोत्तमकाका त्यांचा दुरुस्त झालेला तान्सू बघायला आले. काका निवृत्त हार्ट सर्जन आणि मराठी मंडळाचे आधारस्तंभ. त्यांना नाही म्हणायची कॅरीत पद्धतच नव्हती.

"झकास झालाय, मृणाल! आता एक कर. मधले तीन ड्रॉवर्स कट कर आणि तिथे देवघर बसव. मार्बल, एलईडी. तुझ्या नैनाकाकूने डिझाइन फायनल केलंय."

"नाही करणार, काका."

"अगं, देवासाठी आहे!"

"देवासाठी असलं तरी नाही. शंभर वर्षं टिकलाय तो."

"माझा आहे ना? तू नाही केलंस तर मंडेला दुसरा कोणी करेल."

हे मात्र खरं होतं. तान्सू काकांचा, आणि इलेक्ट्रिक करवत घेऊन येणारे छप्पन्न. मृणालिनीचं डोकं फिरलं. तिने भिंतीवरची करवत काढून काकांच्या हातात दिली.

"मग तुम्हीच कापा. चाळीस वर्षं माणसं कापलीत, हे काय अवघड आहे?"

काकाही हट्टी. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मधला उघडा खण आत लोटला. त्याबरोबर खालचा खण आपोआप बाहेर सरकला. तो लोटला, तर वरचा बाहेर आला.

"डिफेक्टिव्ह आहे हा!" काका खूश झाले.

"डिफेक्टिव्ह? खण इतके चोख बसलेत की आतल्या हवेला निसटायला फट नाही. एक लोटला की ती दुसऱ्याला ढकलते. सगळं हाताने रंधा मारून केलेलं, खिळेसुद्धा लाकडाचे. कापा आता!"

काकांनी खण पुन्हा लोटला, या वेळी हळू. मग टाका तपासावा तसा त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. जन्मभर हाताने बारीक काम केलेल्या माणसाला दुसऱ्याचा हात ओळखायला वेळ लागत नाही. करवत अजून त्यांच्या डाव्या हातात होती. विनवण्या करायच्या नाहीत हे मृणालिनीने ठरवलं होतं. ती हाताची घडी घालून उभी राहिली.

शेवटी काकांनी करवत बाकावर ठेवली.

"पण नैनाला काय सांगू? तिने देवघराच्या पूजेला सगळ्या मंडळाला इन्व्हाइट केलंय गं."

"सांगा, मृणालिनी नाही म्हणाली."

"ती भडकेल."

"भडकू दे. आणि मंडळालाही हेच सांगा. कुणाला भांडायला यायचं असेल, तर पत्ता द्या माझा."