आरतीचं ताट

अमरावतीच्या आमच्या सरकारी ऑफिसात दरवर्षी गणपती बसायचा. आरतीला सगळ्यांनी उभं राहायचं. नव्यानं आलेली बौद्ध क्लार्क साहेबांना सरळ म्हणाली, "मी येणार नाही. संविधानानं तेवढा हक्क दिलाय." साहेब म्हणाले, "बरं, बसा." ती पंख्याखाली निवांत फाइल वाचत बसली आणि माझा नुसता जळफळाट झाला. आम्ही रिद्धपूरचे महानुभाव पंथाचे, पंचकृष्णांशिवाय दुसऱ्या देवापुढं हात जोडत नाही. दुसऱ्या दिवशी मीही साहेबांना तेच सांगितलं. ते हसले. "तुमी काहून? तुमी तं आपलेच." आणि ताट माझ्याच हातात दिलं. ओवाळताना मी तिच्याकडं बघत होतो. साहेबांनी तिला परकी धरलं होतं, आणि मला त्याचाही हेवा वाटत होता.